पडद्याकडे पाठ करून

माझी आत्या विसाव्या वर्षी बहिरी झाली. त्याआधी ती चारचौघींसारखी ऐकत होती, बोलत होती, निंदणीला गेली की सगळ्यांत मोठ्यानं गाणी म्हणत होती, असं बाबा सांगायचे. तिला पैनगंगेपलीकडं दिलं होतं. तिथं तिला ताप आला, तो पंधरा दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा कान घेऊन गेला. नवरा तिला आमच्याकडं घेऊन आला. चार दिवस माहेरी राहू द्या, बरं वाटेल तिला, असं म्हणाला. चहा घेतला आणि गेला. मला कळायला लागलं तेव्हा ती येऊन दहा वर्षं होऊन गेली होती, आणि तो पुन्हा आला नव्हता.

आमचं गाव तेलुगू मुलखातल्या बोथ या बाजारगावापासून तासाभराच्या बैलबंडीच्या वाटेवर. ओढ्याकाठी आमची वाडी. वांगी, मेथी, टमाटे, हिवाळ्यात कोबी. आठवडी बाजाराला बाबा आणि आत्या माल घेऊन बोथला जायचे. माझी आई घरी राहायची, तिला बंडीत बसलं की मळमळायचं. आत्या बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहायची. मराठी ओठ तिला आधीपासून येत होते. बाजारातलं चार शब्दांचं तेलुगूही ती ओठांवरून शिकली. किती, कमी करा, उद्या, नको, माहीत नाही. एवढ्यावर तिचं भागायचं. तिचा स्वतःचा आवाज मात्र तिच्या ताब्यात राहिला नव्हता. कुजबुजायचं तिथं ती मोठ्यानं बोलायची, आणि शब्द एका पातळीत, चढउतार नसलेले यायचे. घरात आम्हाला त्याची सवय होती.

सुगी झाली की बोथच्या बाहेर एका मोकळ्या वावरात टूरिंग टॉकीज यायची. लोक तिला तंबू म्हणायचे, पण वर छत नव्हतं. चारी बाजूंनी कनातीचे पडदे, एका टोकाला उंच बांधलेला पांढरा कपडा, त्याच्यापुढं जमिनीवर बसायची जागा, मग थोडे बाक आणि खुर्च्या. आणि सगळ्यात मागं, कनातीच्या आत, बंड्यांची रांग. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बाजार आटोपून सरळ बंडीच आत घालायचे. बैल सोडून बाहेर बांधायचे, धुरेखाली लाकडाची टेकण लावायची, बंडीत पेंढा आणि पोतं अंथरायचं आणि तिथूनच सिनेमा पाहायचा. बाजारात न विकलेली मेथी उशाला असायची. पुढच्या लोकांची डोकी आड येत नसल्यामुळं सगळ्यात चांगली जागा आमचीच, असं मला वाटायचं.

पहिल्यांदा आत्या तिथं बाबांबरोबर आली ती बाजारातून घरी एकटी कशी जाणार म्हणून. मी तेव्हा तिसरीत. बोथच्या तेलुगू शाळेत जात होते, आणि बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की बंडीतूनच घरी परतत होते. सिनेमा तेलुगू होता. थोड्या वेळानं आत्यानं माझा दंड ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "थे काऊन रडून राह्यली?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. मग आठवलं की कानाचा उपयोग नाही. मी तोंड तिच्यासमोर धरलं, तर अंधारात तिला ओठ दिसेनात. बाबांनी बंडीखाली लटकवलेला कंदील काढून वर दिला. त्याचा उजेड शेजारच्या बंडीत गेला तसा तिथला म्हातारा ओरडला. पुढच्या बाजाराला बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कंदिलाच्या काचेला तीन बाजूंनी बसवला. आता एकाच अंगानं उजेड पडायचा. आत्या कंदील मांडीवर घेऊन पडद्याकडं तोंड करून बसायची. मी तिच्यासमोर, पडद्याकडं पाठ करून. उजेड फक्त माझ्या तोंडावर.

असे आम्ही पाचसहा वर्षं सिनेमे पाहिले. म्हणजे तिनं पाहिले. मी ऐकले. मागून कर्ण्यातून तेलुगू यायचं, ते मी तिला मराठीत, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगायची. कोण बोलतंय हे कळायला अधूनमधून मान वळवायची आणि परत तिच्याकडं तोंड करायची. मारामारी आली की मला सुट्टी. मग मी तिचा चेहराच पाहत बसायची. पडद्यावरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत असायचा. बाप मेला की तिचे ओठ आवळायचे, देव प्रकट झाला की ती कंदील एका हातात धरून दुसरा हात कपाळाला लावायची. त्या सिनेमांतले नट मला आता आठवत नाहीत. तिचा चेहरा कुठल्या जागी कसा झाला होता ते आठवतं.

मशीन एकच होतं, त्यामुळं रीळ बदलताना दिवे लागायचे. तेवढ्यात ती साचलेले सगळे प्रश्न विचारून घ्यायची. त्याच्या मायनं त्याले काऊन हाकललं? तो दुसरा कोन, दीर का भाऊ? शेजारच्या बंड्यांमधल्या बायकाही कान टवकारायच्या, कारण त्यांनाही तेलुगू पुरतं समजत नव्हतं. मी मोठ्यानं सांगायची. त्या म्हणायच्या, पोरगी हुशार आहे. मला फार भारी वाटायचं.

एकदा असा सिनेमा आला की त्यात नवरा बायकोला तिच्या बापाच्या दारात सोडतो. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं होतं. तू मला नकोस, असं म्हणाला होता. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, पण घरातलं कळत होतं. मी ओठांनी सांगितलं, "तो म्हनते, थांब, मी न्यायले येतो."

आत्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पडद्याकडं, मग परत माझ्याकडं.

"खोटं नको सांगू," ती म्हणाली. "त्याचं तोंड पाह्यलं म्या."

आसपासचे दोघंतिघं वळले. मी खाली पाहिलं. तिनं माझी हनुवटी वर केली, कंदिलाच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "सांग पुढं." मग मी सगळं होतं तसं सांगितलं. परत येताना बंडीत ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाबा पुढं बैलांशी बोलत होते. मी जागी होते. तिला वाटलं असावं की मी झोपले. ती हळू बोलायचा प्रयत्न करत होती, पण तिला ते जमत नव्हतं. "तोही असाच उभा व्हता," ती म्हणाली, "दारात. कप हातात घेऊन." बाबांनी मागं वळून पाहिलं नाही.

मी आठवीत गेले तेव्हा शाळेत माझ्या दोन मैत्रिणी झाल्या. एक तहसील कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, दुसरी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरची. दोघी तेलुगू घरच्या, बोथमध्येच राहणाऱ्या. त्या तंबूत यायच्या तेव्हा खुर्च्यांवर बसायच्या. त्यांच्याकडं रिबिनी होत्या, पावडरचा वास होता. माझ्या परकराला मेथीचा वास यायचा, हे मला त्याच वर्षी कळलं. एका बाजाराच्या दिवशी त्या म्हणाल्या, आज आमच्यासोबत बस. बंडीत कुणी बसतं का?

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "बाईले कोन सांगन?" ते आत्याला बाई म्हणायचे, ती त्यांच्याहून मोठी होती.

आत्यानं आमचे ओठ पाहिले होते. ती म्हणाली, "जाऊ दे तिले. एक दिस तू सांग मले." आणि कंदील बाबांपुढं सरकवला.

बाबा सांगणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते दिवसभर बाजारात उभे असायचे. पाठ टेकली की त्यांना झोप लागायची.

मी खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच पडद्याकडं सरळ तोंड करून बसले होते, आणि तो इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. पहिली दोन रिळं मी मागं वळून पाहिलं नाही. मग एक जागा आली. नायकाचा भाऊ दवाखान्यात खाटेवर पडलेला, डॉक्टर त्याची नाडी धरून उभा, वाद्यं थांबलेली. सगळ्या तंबूत कुणी खोकतही नव्हतं. आणि त्या शांततेत मागून तो सपाट, मोठा आवाज आला.

"मेला का व तो?"

आधी पुढं जमिनीवर बसलेले हसले. मग खुर्च्यांवरचे. कुणीतरी बाप्या माणूस अगदी तसाच आवाज काढून म्हणाला, मेला का व तो, आणि पुन्हा हशा झाला. तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवे लागले. सगळे मागं वळले. कंपाउंडरच्या मुलीनं मला विचारलं, "एवरे आमे? मी ऊरामेना?" कोण गं ती? तुमच्या गावची आहे का?

मी मागं पाहिलं. आत्या बंडीत उभी होती. माणसं का वळलीत हे तिला कळलं नव्हतं. ती मला शोधत होती. आणि मी वळले तेव्हाच तिला मी सापडले.

"तेलियदु," मी म्हणाले. माहीत नाही.

मी हळू म्हणाले. ते मैत्रिणीलाही नीट ऐकू आलं नसेल. पण दिवे लागलेले होते, माझं तोंड आत्याकडं होतं, आणि तो शब्द बाजारात दिवसातून वीस वेळा तिच्यासमोर उच्चारला जायचा. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग पदर डोक्यावर घेऊन खाली बसली. बाबा जागे होऊन तिला काहीतरी विचारत होते. तिनं हातानंच काही नाही म्हणून सांगितलं.

दिवे गेले. उरलेला सिनेमा मी पाहिला, पण त्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. परत येताना मी बंडीत मागच्या कडेला बसले. तिनं मला जवळ बोलावलं नाही आणि रागावलीही नाही. घरी गेल्यावर नेहमीसारखं माझ्या पानात वाढलं.

पुढच्या बाजाराला मी शाळेतून सुटले ती थेट बंडीकडं गेले. मैत्रिणींना काय सांगितलं ते आठवत नाही. तंबूत बंडी लागली, मी पोतं झटकलं आणि तिच्यासमोर, पडद्याकडं पाठ करून बसले. कंदील पेटवायला घेतला. आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "मले कळते आता."

"मी सांगतो नं," मी ओठांनी म्हणाले.

"नको. तूही पाह्य. तुले कवा पाह्यले भेटलाच नाही." तिनं मला बाजूला सरकवून शेजारी बसवलं. त्यानंतर तंबूतले जेवढे सिनेमे आम्ही पाहिले ते असे, शेजारी शेजारी बसून. तिनं एकदाही काही विचारलं नाही. हसत नव्हती, कपाळाला हात लावत नव्हती. मी अधूनमधून तिच्याकडं वळायची, पण बाजूनं तिचा अर्धाच चेहरा दिसायचा.

मला तिची माफी मागायची होती. ती मी कशी मागणार होते, याचा विचार मी खूप केला. ती लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तोंडानंच सांगावं लागलं असतं, आणि त्यासाठी तिनं माझ्या ओठांकडं पाहायला हवं होतं. जेवायला चल, पाणी दे, एवढं ती अजूनही पाहायची. त्याहून जास्त मी काही बोलायला लागले की नेमकं तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. किंवा तसं मलाच वाटायचं. मी चौदा वर्षांची होते. उद्या सांगू म्हणत राहिले.

मग बोथमध्ये पक्कं टॉकीज झालं. भिंतींचं, पंख्याचं. तिथं बंड्यांना जागा नव्हती. तंबूवाले दोन हंगाम आले आणि मग यायचे बंद झाले. त्या वावरात मालकानं कापूस पेरला. आत्या टॉकीजमध्ये एकदाही आली नाही.

त्याच सुमारास माझ्या काकांना दुसरी मुलगी झाली. काका बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होते, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. काकूला हाताखाली कुणी नव्हतं. आत्या बाळंतपणापुरती गेली आणि तिथंच राहिली. वर्षातून एकदा, दिवाळीला यायची. पुढं तेही राहिलं. मी शिकले, निर्मलला शिक्षिका झाले, लग्न झालं. काकांचं पत्र आलं की शेवटी एक ओळ असायची, बाईची तब्येत बरी आहे.

बऱ्याच वर्षांनी मी बेल्लमपल्लीला गेले. एका रविवारी दुपारी. काकांचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. आत्या पडवीत बाजेवर बसली होती. फार वाळली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि हसले, आणि तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तेव्हा मला दिसलं की तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढरा सारा आला होता.

मी तिचा हात धरला. तिनं विचारलं, "कोन व्हय?"

मी ओठ हलवले. मग थांबले. मी कोण ते तिला सांगायचा माझ्याकडं काही मार्ग नव्हता. तिनं पुन्हा विचारलं, "कोन व्हय तू, बाई?"

काकू आतून आली. तिनं आत्याच्या डोक्याभोवती हात फिरवला, मुंडासं बांधतात तसा. ती माझ्या बाबांची खूण. मग आत्याचा हात धरून जमिनीपासून थोडा वर, लहान पोराच्या उंचीएवढा नेला.

"भावाची पोरगी," आत्या म्हणाली. "कवा आली व?" आणि तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं.

काकूनं मला सांगितलं की हात एकदा दाबला म्हणजे हो, दोनदा दाबला म्हणजे नाही. मग आत्या विचारत राहिली आणि मी हात दाबत राहिले. लेकरं झाली का? दोन हायेत का? भाऊ बरा हाय? वाडीत कोबी लावते का अजून? हो, हो, हो, नाही. नंतर तिचे प्रश्न संपले, आणि एकदम ती म्हणाली, "तुले तो सिनेमा याद हाय का, ज्याच्यात थे दोघी बहिनी नदीवर भेटतात?"

मला अंधुक आठवत होता. मी एकदा हात दाबला.

तिनं तो सगळा सिनेमा मला सांगितला. कोण कोणाला काय म्हणालं, सगळं बोलणं शब्दाशब्दानं. मोठी बहीण म्हणते, मी तुझ्यावर रागावले नाही, मला फक्त तुझ्या घरी पाणी प्यायचं होतं. धाकटी म्हणते, मग आली काऊन नाहीस. पडवीपुढून जाणारी माणसं थांबून ऐकत होती, तिचा आवाज तसाच मोठा होता. मी ऐकत होते आणि मला हळूहळू कळत गेलं की हा शेजारी शेजारी बसून पाहिलेल्यांपैकी आहे. यातलं एक अक्षर मी तिला सांगितलेलं नव्हतं. त्या बहिणी सिनेमात जमिनीच्या वाटणीवरून भांडत होत्या. हे बोलणं सगळं तिचं होतं.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बराबर हाय नं?"

मी एकदा हात दाबला.

काकूला मी डोळ्यांचं विचारलं. ती म्हणाली, डॉक्टरनं सांगितलंय, ऑपरेशन होतं, पण नेणार कोण, यांच्या पाळ्या असतात. मी म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नेते. परीक्षा झाल्या की येते आणि दोन्ही डोळे करून आणते. काकूला बरं वाटलं. आत्याला ते कळावं म्हणून मी तिच्या पापण्यांवर हात ठेवला आणि मग एकदा तळहात दाबला. तिनं मान हलवली, पण तिला काय समजलं ते मला माहीत नाही. निघताना तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला.

थंडी सरायच्या आत ती गेली. खोकला होता, मग ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी वर्गात प्रश्नपत्रिका वाटत होते. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला बाबाही आले होते. ते आता थकले होते, काठी घेऊन चालायचे. दुपारी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो, काकूनं बाज तिथून हलवली होती. मी त्यांना त्या संध्याकाळचं सांगितलं. खुर्च्या, मैत्रिणी, हशा, आणि मी काय म्हणाले ते. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. काठीनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या.

"मले तं काई याद नाही व," ते म्हणाले. "मी झोपलो असन."

"तिनं तुमाले काई म्हटलं होतं का कधी? माझ्याबद्दल?"

"तिनं?" बाबांनी आठवून पाहिलं. "नाही. तिनं त्या मानसाबद्दलही मले कवा काई म्हटलं नाही, तुह्याबद्दल काय म्हनन."

मग काकू भांडी घासायला बाहेर आली आणि आम्ही बोलणं थांबवलं.